अंगणातला तेलाचा डाग

व्यापाराच्या पानावर सिमेंटच्या अंगणातील डागाविषयी लेख कशासाठी, असे काही वाचक बंधू विचारतील. काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच विचारले असते. भिवंडीत कापडाचा व्यापार करताना आमची नजर नेहमी कापडावर असे. ग्रे मालाचा तागा उलगडला की तुटलेली तार, जाड धागा, लूमच्या तेलाचा ठिपका हे सारे लगेच दिसे. मात्र गोडाऊनच्या दारासमोर, जिथे टेम्पो मागे घेऊन लावतात, तिथे दोन हात रुंदीचा काळा पट्टा वर्षानुवर्षे वाढत होता. त्याच्यावरून आम्ही दिवसातून वीस वेळा जात होतो आणि तो आमच्या हिशेबात नव्हता.

एका जुलै महिन्यात तो हिशेबात आला. पावसाची मोठी सर आली. टेम्पो अर्धा रिकामा झालेला, हमालांची घाई चाललेली. त्यांनी तीन गाठी दारासमोर जमिनीवरच उतरवल्या आणि वर ताडपत्री टाकली. वरून एक थेंबही आत गेला नाही. पण जमिनीवर बोटभर पाणी साचले होते आणि त्या पाण्यावर तेलाची रंगीत साय तरंगत होती. तेल पाण्यापेक्षा हलके असते. सिमेंटच्या छिद्रांत जे मुरलेले असते त्यातले काही, पाणी आत शिरले की वर निघते. गाठीच्या खालच्या गोणपाटाने ते पाणी आणि तेल दोन्ही शोषून घेतले. गाठी उघडल्या तेव्हा नऊ ताग्यांच्या कडांवर तपकिरी चंद्रकोरी उमटल्या होत्या.

त्याच दुपारी आमचा एक हमाल त्या पट्ट्यावर घसरला. पाठीवर गाठ असते तेव्हा माणूस वाकलेला असतो, त्याला फार तर स्वतःची पावले दिसतात. तेलावर पाणी पडल्यावर काय होते ते त्या पावलांना उशिरा कळते. मनगट मोडले. प्लास्टर आणि जवळजवळ दीड महिन्याची मजुरी आम्ही दिली. ती द्यायलाच हवी होती, तिच्याविषयी तक्रार नाही.

तक्रार आहे ती आमच्या स्वतःविषयी. आमचे मुनीम जुने आणि हुशार. ते म्हणाले, "सेठ, डाग कडेला आहे. घडी उलटी घालू, आत जाईल. प्रोसेसमध्ये धुऊन निघेल." आम्ही मान हलवली. माल गेला. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. डाग निघाला नव्हता. उलट काही ठिकाणी, जिथे तेलात लोखंडाचे बारीक कण होते, तिथे ब्लीच झाल्यावर कापडाला टाचणीएवढी भोके पडली होती. पैसे कापले गेले. पण त्याहून महाग पडले ते पुढचे. पूर्ण दोन वर्षे त्या व्यापाऱ्याने आमची प्रत्येक गाठ आमच्या माणसासमोर उघडली, तागा न् तागा तपासला, आणि मगच पावती सही केली. तो एक शब्दही वावगा बोलला नाही. त्या दोन वर्षांत आम्ही सिमेंटवरील तेलाच्या डागाचा जो अभ्यास केला तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

तेल जमिनीत जाते कसे

सिमेंटचे अंगण दगडासारखे दिसते, पण ते दगडासारखे भरीव नसते. सिमेंट घट्ट होताना त्यातील जादा पाणी निघून जाते आणि मागे केसाहून बारीक नळ्यांचे जाळे राहते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशा या नळ्या तेल आत ओढतात. त्यासाठी वरून दाब लागत नाही. म्हणून पाच मिनिटांत पुसलेले तेल आणि पाच दिवसांनी पुसलेले तेल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तेल जमिनीवर असते, दुसऱ्यात जमिनीच्या पोटात असते. पोटातले तेल वरून घासून निघत नाही, ते उलट्या वाटेने शोषून बाहेर काढावे लागते. पुढे जे काही सांगणार आहोत ते या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

दुसरी गोष्ट तेलाच्या जातीची. इंजिनचे तेल, लूमचे तेल, ग्रीस हे सर्वसाधारणपणे जमिनीतून निघालेल्या खनिज तेलापासून बनतात. शेंगदाणा, सरकी, जवस यांची तेले वनस्पतीची. दोन्हींचे डाग दिसायला सारखे असले तरी स्वभाव वेगळे. खनिज तेल सिमेंटला डागाळते, त्याची झीज फारशी करत नाही. वनस्पती तेल मात्र हळूहळू सिमेंट खाते, कारण त्यातील आम्ले सिमेंटमधील चुन्याशी मिळून एक प्रकारचा साबण बनवतात आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. तेलाच्या घाण्यासमोरची किंवा तळणाच्या दुकानासमोरची जमीन हात लावला की का सुटते, याचे उत्तर हे आहे.

सोड्याचा उपयोगही यावरच ठरतो. वनस्पती तेलावर तीव्र सोडा टाकला तर त्याचाच साबण होतो आणि तो पाण्याने निघतो. खनिज तेलाचा साबण कधीच होत नाही, कितीही कॉस्टिक ओतला तरी. तेथे सोडा फक्त मदतनीस. खरे काम डिटर्जंटचे. त्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि तेलाचे बारीक थेंब सुटून पाण्यात तरंगू लागतात. टेम्पोच्या डागावर कॉस्टिक ओतणाऱ्यांनी एवढे लक्षात घेतले तरी त्यांचे हात आणि डोळे वाचतील.

येथे थोडे विषयांतर. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शास्त्राच्या तासाला 'तेजाब' आणि 'अलकली' हे शब्द आम्ही घोकले. पुढे कळले की इंग्रजीतला अल्कली हा शब्दसुद्धा मुळात अरबी 'अल-कली' आहे. खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपे जाळून जी राख मिळे तिचे ते नाव. त्या राखेपासून आणि तेलापासून साबण होई. म्हणजे राख आणि तेल यांची ओळख जुनी आहे. आपल्या आया-आज्या तेलकट भांडी राखेने घासत, त्यात हेच शास्त्र होते.

आम्ही केलेल्या चुका

पहिली चूक तेजाबाची. संडास धुण्याचे ॲसिड दोन बाटल्या आणून आम्ही त्या पट्ट्यावर ओतले. फेस आला, धूर आला, आम्हाला वाटले डाग जळतो आहे. प्रत्यक्षात जळत होते सिमेंट. हे ॲसिड चुन्यावर काम करते, तेलावर करत नाही. जिथे तेल होते तिथे तेलाने ॲसिडला आत येऊच दिले नाही. जिथे नव्हते तिथे वरचा गुळगुळीत थर खाऊन टाकला. दुसऱ्या दिवशी डाग होता तसाच काळा आणि त्याच्या भोवतीची जमीन खरखरीत पांढरी. खरखरीत जमिनीने पुढच्या महिन्यात पूर्वीपेक्षा जास्त तेल प्यायले.

कापडवाल्यांसाठी ॲसिडचा आणखी एक धोका आहे. त्याचा शिंतोडा सुती कापडावर पडून वाळला की तिथले कापड कमजोर होते. आज दिसत नाही. धुताना किंवा ताणताना फाटते. त्याच्या वाफेने जवळच्या यंत्रांना आणि शटरला गंज चढतो तो वेगळाच. आणि ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो.

दुसरी चूक रॉकेलची. ड्रायव्हर लोकांचा हा आवडता उपाय. रॉकेल टाकून फडक्याने पुसले की डाग फिका दिसतो हे खरे. पण रॉकेलाने तेल पातळ होते आणि पातळ तेल जास्त खोल आणि जास्त रुंद पसरते. आमचा दोन हातांचा पट्टा तीन हातांचा झाला आणि गोडाऊनमध्ये आठ दिवस वास राहिला. कापडाच्या गोडाऊनजवळ रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे म्हणजे काय, हे भिवंडीच्या माणसाला सांगायला नको. येथे आगीच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

तिसरी चूक तारेच्या ब्रशची. लोखंडी तारेचे सूक्ष्म तुकडे सिमेंटच्या छिद्रांत अडकतात. पावसाळ्यात त्यांना गंज चढतो आणि काळ्या डागाच्या जागी तांबडा डाग येतो. नायलॉनचा कडक ब्रश किंवा काथ्याचा झाडू वापरावा.

ताजे तेल सांडले तर

पाणी ओतू नका. ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी ओतले की तेल तरंगत दूरपर्यंत जाते. फडक्याने फरफटत पुसूही नका. प्रथम सांडलेल्या तेलाच्या भोवती कोरड्या वाळूचा किंवा भुशाचा बांध घाला, म्हणजे पसरणे थांबेल. मग वरून लाकडाचा भुसा, कोरडी राख, खडूची भुकटी किंवा मुलतानी माती, जे हाताशी असेल ते, बोटभर जाडीने टाका. बुटाने किंवा ब्रशने थोडे रगडा, म्हणजे ते तेलाशी नीट मिळेल. अर्ध्या तासाने ओले झालेले गोळा करा, नवे टाका आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी झाडून काढा. भुकटी कोरडी निघाली तर काम झाले. ओलसर निघाली तर पुन्हा टाका.

कोरडे सिमेंट टाकण्याची पद्धतही आहे आणि ते तेल चांगले शोषते. पण दव किंवा पाणी लागले तर तिथेच दगड होऊन बसते. पावसाळ्यात हा उपाय टाळलेला बरा.

मुलतानी मातीविषयी एक गोष्ट कापडाच्या माणसांना आवडेल. इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीचे कापड तुडवून घट्ट आणि स्वच्छ करणारा कारागीर. लोकरीला मेंढीच्या अंगचे तेल असते. ते काढण्यासाठी हे कारागीर ही माती वापरत. म्हणजे चेहऱ्याला लावण्याआधी ही माती आपल्याच धंद्यात होती, आणि तेल पिणे हाच तिचा धंदा होता.

जुना डाग

जुन्या डागाचे दोन टप्पे आहेत. प्रथम धुणे, नंतर लेप.

धुण्यासाठी डागावर डिटर्जंट पावडर आणि धुण्याचा सोडा सम प्रमाणात टाकावा, वर थोडेच कडकडीत पाणी घालून चिखलासारखे करावे आणि घासावे. पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे, पण वाळू देऊ नये. पुन्हा घासावे. हातात रबरी मोजे हवेत, सोडा कातडी सोलतो. वर आलेले काळे पाणी लगेच भुशात किंवा जुन्या गोणपाटात टिपून घ्यावे. ते तसेच सोडले तर उन्हात पाणी उडते आणि तेल पुन्हा खाली बसते. असे दोन-तीन वेळा करावे. वरवरचे तेल यात निघते, डाग फिका होतो, पण जात नाही. येथे अनेक लोक हताश होऊन थांबतात. वास्तविक खरे काम येथून पुढे आहे.

लेपासाठी एक लिटर गरम पाण्यात साधारण शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर डिटर्जंट विरघळवावे. त्यात मुलतानी माती, खडूची भुकटी किंवा शंखजिरे पूड घालत जावे. थापल्यावर जागेवर राहील, वाहणार नाही, एवढे दाट झाले की पुरे. डागाच्या कडेबाहेर चार बोटे जाईल असा, अर्धा इंच जाडीचा थर थापावा. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडेला विटा ठेवाव्यात. एक दिवस तसेच. या काळात पाणी आणि सोडा नळ्यांत उतरून तेलाला सैल करतात. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढावे आणि लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना ओलावा खालून वर येतो आणि येताना तेल घेऊन येतो. लेप तडकून सुटा झाला की लाकडी पट्टीने खरवडून काढावा. पलटून पाहा: जमिनीकडची बाजू तपकिरी दिसेल. आमच्या पट्ट्यावर पहिला लेप निघाला तेव्हा मुनीमजींनी तो तुकडा उचलून वास घेतला आणि एवढेच म्हणाले, "हे सगळे आत होते?"

एका लेपात जुना डाग जात नाही. आमच्याकडे चार लेप लागले. चौथ्यानंतर तिथे एक फिकट सावली राहिली, ती आजही आहे. वीस वर्षांचा डाग कोऱ्या सिमेंटसारखा करून देतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

लेप फार हळू वाटला, तर सोड्याच्या पाण्याऐवजी मिनरल टर्पेंटाईन घालून तोच लेप करता येतो. मग वाचक विचारतील की रॉकेल वाईट आणि टर्पेंटाईन चांगले कसे? फरक द्रव्यात नाही, मातीत आहे. नुसते ओतलेले रॉकेल तेलाला खाली नेते. मातीत कालवलेले टर्पेंटाईन तेलाला सैल करते आणि माती त्याला वर ओढते. परंतु हे काम केवळ उघड्यावर, दिवसा, विडी-सिगारेट, वेल्डिंग आणि कापडाच्या गाठी यांपासून दूर करावे. आम्ही स्वतः ते एकदाच केले आणि पुन्हा सोड्याकडे वळलो.

तेल खाणाऱ्या जीवाणूंच्या पावडरीविषयीही काही जण विचारतात. ही थाप नाही. बंगालमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल पचवणारा जीवाणू घडवला आणि 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पेटंट मान्य केले. आपल्याकडे दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेचे 'ऑईलझॅपर' तेलाने खराब झालेल्या जमिनींसाठी वापरले गेले आहे. पण जीवाणूंना ओल, हवा आणि वेळ लागतो. मोकळ्या जमिनीला तो उपाय योग्य. ज्या दारात रोज चार टेम्पो लागतात तिथे मातीचा लेपच सोयीचा.

डाग गेला की नाही हे डोळ्याने ठरवू नये. जमीन वाळल्यावर ओंजळभर पाणी शिंपडा. पाणी सगळीकडे सारखे मुरून जमीन एकसारखी गडद झाली तर तेल गेले. एखाद्या जागी पाणी कमळाच्या पानावर राहावे तसे थेंब होऊन राहिले तर तिथे तेल अजून आहे. नवा गिलावा किंवा रंग लावण्याआधी ही परीक्षा आवश्यक आहे, कारण तेलावर गिलावा धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात.

फरशी, डांबर आणि प्रेशरचे पाणी

ज्यांच्या दारासमोर शहाबादी फरशी किंवा कोटा आहे त्यांनी ॲसिडच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ॲसिड त्यांची चकाकी क्षणात खाते. सोड्याचा लेप चालतो. आधी कोपऱ्यात करून पाहावा. डांबरी जागेवर मात्र रॉकेल, डिझेल, टर्पेंटाईन काहीच चालत नाही. डांबर हे स्वतःच तेलाचे भावंड, ते विरघळते आणि खडी सुटते. तिथे भुसा टाकावा आणि थंड पाण्यात डिटर्जंट घालून धुवावे, बस्स. सर्व्हिस स्टेशनचे प्रेशरचे पाणी वरची घाण उडवते, आतले तेल काढत नाही, आणि कच्च्या सिमेंटचे कण उडवून खड्डे करते.

तेल येते कुठून

डाग काढला आणि गळका टेम्पो पुन्हा त्याच जागी लावला तर आठ दिवसांत मेहनत फुकट. रात्री टेम्पोखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी पाहा. इंजिनखाली काळे-तपकिरी थेंब असतील तर ऑईल चेंबरचा नट, त्याचा वॉशर किंवा पॅकिंग. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरचे किंवा मागच्या एक्सलचे तेल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट थेंब असेल तर ते ब्रेकचे तेल असू शकते. तो टेम्पो दुरुस्तीशिवाय रस्त्यावर काढू नये. आमच्या बाबतीत निम्मे तेल एका तांब्याच्या वॉशरमुळे गळत होते. त्याची किंमत चहाच्या दोन कपांएवढी. तेल बदलताना मेकॅनिकने जुनाच पुन्हा लावला होता.

टेम्पो भाड्याचे असतील तर दुरुस्ती आपल्या हाती नसते. आम्ही पत्र्याचा उथळ ट्रे बनवून घेतला आहे आणि त्यात बोटभर वाळू ठेवतो. टेम्पो लागला की पोरगा ट्रे खाली सरकवतो. गाठी आता थेट जमिनीवर उतरत नाहीत, चार बोटे उंच लाकडी पॅलेटवर उतरतात. नवे सिमेंट टाकणाऱ्यांनी दाराच्या उलट दिशेला उतार द्यावा आणि किमान 28 दिवस सिमेंट पक्के झाल्यावर वर सीलरचा हात द्यावा. सीलर लावलेल्या जमिनीवर तेल तासभर वरच राहते आणि पुसून निघते.

काढलेल्या तेलाचे काय

तेलाने भिजलेला भुसा, वाळलेले लेप, कॉटन वेस्ट हे सर्व गटारात किंवा कचरापेटीत टाकण्याची आपल्याला सवय आहे. भिवंडीची गटारे शेवटी कामवारी नदीकडेच जातात. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते. ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. डबाभर जुने तेल साठले की आम्ही ते अशा गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवतो. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात तेलाचा भुसा वेगळा ठेवून तोही त्याच वाटेने देतो.

झाकणाचा डबा यासाठी की जवसासारखे वाळणारे वनस्पती तेल लागलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर त्या आतून तापतात आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतात. रंगकाम झाल्यावर सुतार आणि रंगारी असे बोळे कोपऱ्यात टाकून जातात. गोडाऊनमध्ये ते रात्रभर राहू देऊ नयेत.

कापडाला लागले तर

अंगणातले तेल कापडाला लागलेच तर पाण्याने धुऊ नका, इस्त्री करू नका, उन्हात टाकू नका. उष्णतेने डाग पक्का होतो. लागलीच शंखजिरे किंवा खडूची भुकटी दोन्ही बाजूंनी दाबून ठेवावी, झटकावी, पुन्हा दाबावी. मग तागा वेगळा काढावा आणि डागासमोर किनारीला रंगीत दोरा बांधावा, जसा तपासनीस दोषाला बांधतात. प्रोसेसवाल्याला चिठ्ठी द्यावी की हे खनिज तेल आहे, जमिनीवरचे आहे, लोखंडाचे कण असण्याची शक्यता आहे. तो आधी स्पॉट क्लिनिंग करील आणि लोखंड बांधून ठेवणारे रसायन घालून मगच पेरॉक्साईडचे ब्लीच करील. लोखंडाचा कण पेरॉक्साईडला त्या एका ठिकाणी भडकवतो, म्हणूनच आमच्या त्या मालाला भोके पडली.

आणि गिऱ्हाइकाला दोरा दाखवून, ऐब सांगून भाव करावा. मागच्या वर्षी आमच्या चार ताग्यांना लूमच्या तेलाचे ठिपके होते. आम्ही त्याच जुन्या व्यापाऱ्याला फोन करून सांगितले. त्याने मीटरमागे थोडे कमी केले आणि गाठी न उघडता सही केली.

लेपाच्या कामाला दोन पूर्ण दिवस जागा रिकामी हवी आणि वर ऊन हवे. ज्यांचे काम शुक्रवारी बंद असते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर डाग धुऊन घ्यावा, रात्री लेप थापून झाकावा, शुक्रवारी संध्याकाळी प्लॅस्टिक काढावे आणि शनिवारचा दिवस दुसऱ्या दाराने माल चढवावा. चार लेप म्हणजे चार आठवडे. मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा एप्रिलच्या अखेरीस सुरुवात केली तर जमीन पावसाआधी कोरडी मिळते. मुलतानी माती किराणा दुकानातून पुड्यांनी घेऊ नये, घाऊक बाजारात पोत्याने घ्यावी. चेहऱ्याच्या मातीचा भाव अंगणाला परवडत नाही.